घशाची सूज आणि श्वासाची वाट

(विसरवाडी येथे रुग्णालयाच्या वार्षिक सभेत भूलतज्ज्ञांनी केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





वार्षिक सभेत डॉक्टर बोलायला उभा राहिला, की हृदयविकार, कर्करोग अशा मोठ्या नावाच्या एखाद्या आजारावर तो बोलेल अशी अपेक्षा असते. मी मात्र आज एका अगदी साध्या वाटणाऱ्या दुखण्याविषयी बोलणार आहे. तो विषय म्हणजे मोठ्या माणसांच्या घशाचा आणि दाढेचा जंतुसंसर्ग. घसा दुखतो म्हणून आपल्याकडे कोणी कामावरचा खाडा करीत नाही. हळद-मिठाच्या गुळण्या, आल्याचा काढा, दुकानातून आणलेल्या दोन गोळ्या, एवढ्यावर भागते. आणि खरे सांगायचे तर बहुतेकांचे तेवढ्यावर खरोखरच भागतेही. परंतु ज्या थोड्यांचे भागत नाही, त्यांच्याजवळ वेळ फार कमी असतो. कारण याच घशातून माणसाच्या प्राणाची वाट जाते आणि त्या वाटेला दुसरा पर्यायी रस्ता निसर्गाने ठेवलेला नाही.

माझा व्यवसाय भूल देण्याचा. भूलतज्ज्ञ म्हणजे रुग्णाला झोपविणारा, अशी लोकांची समजूत असते. वस्तुतः झोपविणे हे आमच्या कामातले सोपे काम आहे. झोपलेल्या माणसाचा श्वास अखंड चालू ठेवणे हे खरे काम. म्हणूनच मान सुजलेला, तोंड न उघडणारा, लाळ गळणारा रुग्ण दारात आला, की सगळ्यांत आधी आम्हाला भीती वाटते. ती भीती मी कशी शिकलो, ते आपणांस सांगणे माझे कर्तव्य आहे.

एका रात्रीची शिकवण

माझ्या उमेदवारीच्या काळातील ही गोष्ट आहे. एका मोठ्या शहरातील मोठ्या रुग्णालयात मी तेव्हा शिकत होतो. रात्री एक गृहस्थ आले. वय चाळिशीच्या आसपास, शरीराने धडधाकट. चार दिवस दाढ दुखत होती आणि त्या दिवशी सकाळपासून हनुवटीखाली सूज होती. ते खाटेवर पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसले होते आणि रुमालाने सारखी लाळ पुसत होते. बोटाला लावलेल्या यंत्रावर रक्तातील प्राणवायूचे प्रमाण उत्तम दिसत होते. ते पाहून आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला. मानेचे छायाचित्र काढण्याचे ठरले. छायाचित्रासाठी उताणे झोपणे आवश्यक होते. त्यांनी हाताने 'नको' असे खुणावले. आम्ही त्यांना धीर दिला, 'दोनच मिनिटे' असे सांगितले, आणि झोपविले.

त्या दोन मिनिटांत त्यांची जीभ मागे गेली आणि श्वासाची वाट बंद झाली. तोंड दोन बोटेही उघडत नव्हते. नळी घालता आली नाही. मानेतून वाट करण्याचे साहित्य दुसऱ्या मजल्यावर कुलपात होते. ते येईपर्यंत उशीर झाला होता. बाहेर त्यांची पत्नी हातात जेवणाचा डबा घेऊन बसली होती. तिला काय सांगावे, हे आमच्यापैकी कोणालाही कळेना.

त्या चुकीत माझा वाटा होता आणि तो मी आजही नाकारीत नाही. त्या रुग्णाला औषधांची कमतरता नव्हती, प्राणवायूचे सिलिंडर भरलेले होते, डॉक्टरही पुष्कळ होते. त्यांचे शरीर त्यांना जे सांगत होते, ते ते आम्हाला खुणेने सांगत होते. आम्ही मात्र रुग्णाकडे पाहण्याऐवजी यंत्राकडे पाहत राहिलो. आज मी जे काही सांगणार आहे, त्याचे सार त्या एका रात्रीत आहे.

वाट अरुंद होते म्हणजे काय होते?

निरोगी प्रौढ माणूस स्वस्थ बसलेला असताना मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो आणि त्याकडे त्याचे लक्षही जात नाही. ही वाट सुजेने अरुंद होऊ लागली, की भौतिकशास्त्राचा एक कठोर नियम लागू पडतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली, तर संथ वाहणाऱ्या हवेला होणारा अडथळा दुप्पट न होता सोळापट होतो. म्हणून घशातली सूज थोडी थोडी वाढत असली, तरी त्रास थोडा थोडा वाढत नाही. दुपारी चालत आलेला रुग्ण संध्याकाळी एकाएकी अत्यवस्थ होतो, याचे कारण हेच. आणि श्वास पूर्ण थांबला, तर अवघ्या चार-पाच मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते.

बोटाच्या यंत्रावरचा आकडा या बाबतीत आपल्याला फसवितो. माणूस सारी ताकद लावून हवा आत ओढत असतो, तोपर्यंत आकडा चांगला राहतो. तो उतरू लागतो, तेव्हा माणूस थकलेला असतो आणि आपल्या हातातला वेळ जवळजवळ संपलेला असतो.

ही सूज निरनिराळ्या ठिकाणी येते. पहिले ठिकाण टॉन्सिलच्या मागचे. तेथे गळू होते, एका बाजूला असह्य दुखते, कान ठणकतो आणि तोंडात गरम घास धरून बोलावे तसा आवाज येतो. वेळेवर सुईने पू काढला, तर रुग्णाला तासाभरात उतार पडतो.

दुसरे ठिकाण जिभेखालचे. आपल्या भागात याचीच मला सर्वाधिक धास्ती वाटते, कारण त्याचे मूळ बहुधा किडलेल्या दाढेत असते. खालच्या जबड्यातील शेवटच्या दोन दाढांची मुळे फार खोलवर जातात, तोंडाच्या तळाच्या स्नायूच्याही खाली. तेथला पू हनुवटीखाली आणि मानेत पसरतो, तोंडाचा तळ लाकडासारखा टणक होतो आणि जीभ वर व मागे ढकलली जाते. जर्मनीतील स्टुटगार्टचे डॉक्टर लुडविग यांनी १८३६ साली या रोगाचे वर्णन केले, म्हणून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. प्रतिजैविके येण्यापूर्वी या रोगाचे निम्म्याहून अधिक रुग्ण दगावत असत. आज योग्य वेळी योग्य उपचार मिळाले, तर दहांतील नऊजणांहून अधिक वाचतात. या 'योग्य वेळी' दोन शब्दांसाठीच माझे आजचे बोलणे आहे.

तिसरे ठिकाण श्वासनलिकेच्या तोंडावरचे झाकण, ज्याला आम्ही एपिग्लॉटिस म्हणतो. आपण घास गिळतो तेव्हा हे नाजूक झाकण अन्नाला श्वासाच्या वाटेत जाऊ देत नाही. त्यालाच सूज आली, तर राखणदारच दार अडवून बसतो. पूर्वी हा मुख्यतः लहान मुलांचा आजार मानला जाई. त्याला कारणीभूत असणाऱ्या जंतूवरची लस २०११ पासून टप्प्याटप्प्याने आपल्या राष्ट्रीय लसीकरणात आली. जेथे ही लस सर्वदूर पोहोचली, तेथे मुलांमधील हा आजार विरळ झाला आणि आता तो अधिक करून मोठ्या माणसांत दिसतो. यात एक फसवी गोष्ट अशी, की तोंड उघडून पाहिले तर घसा अनेकदा जवळजवळ चांगला दिसतो. घसा फार दुखतो, गिळवत नाही आणि पाहिले तर काहीच दिसत नाही, असा रुग्ण आला, की जाणत्या डॉक्टराने सावध व्हावे.

चौथे ठिकाण घशाच्या मागच्या भिंतीचे. माशाचा काटा रुतून किंवा मणक्याच्या क्षयामुळे तेथे पू साठतो. याखेरीज घटसर्प आहे. तो लहान मुलांचा रोग म्हणून आपण विसरत चाललो आहोत, परंतु ज्यांची लस अपुरी राहिली अशा मोठ्यांनाही तो होऊ शकतो.

जुने ज्ञान, जुनी चूक

हा धोका नवीन नाही. सुश्रुतसंहितेत मुखरोगांच्या प्रकरणात कंठाच्या रोगांची सविस्तर मोजदाद आहे. त्यात 'गलौघ' नावाचा एक विकार सांगितला आहे. तीव्र ज्वर, अन्न आणि पाणी अडविणारी मोठी सूज, आणि वायूच्या गतीला अवरोध, अशी त्याची लक्षणे आहेत. 'गलविद्रधी' म्हणजे घशातील गळूही तेथे आहे. आपल्या पूर्वजांनी हा रोग डोळ्यांनी नीट पाहिला होता, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

दुसरे उदाहरण दूरच्या देशाचे, परंतु फार बोलके आहे. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन डिसेंबर १७९९ मध्ये बर्फात घोड्यावरून शेतीची पाहणी करून आले. दुसऱ्या दिवशी घसा दुखू लागला. १४ डिसेंबरच्या पहाटे त्यांना बोलवेना आणि श्वास घेववेना. त्यांना काकवी, व्हिनेगर आणि लोणी यांचे मिश्रण पाजण्यात आले; ते गिळता न आल्याने त्यांचा जीव गुदमरला. त्या काळच्या समजुतीप्रमाणे दिवसभरात त्यांचे दोन लिटरांहून अधिक रक्त काढण्यात आले. उशाशी तीन डॉक्टर होते. त्यांतील वयाने सर्वांत लहान असलेल्या डॉ. एलिशा डिक यांनी मानेतून श्वासनलिकेला वाट करण्याचा उपाय सुचविला. वडीलधाऱ्या दोघांना तो पटला नाही. त्याच रात्री, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, वॉशिंग्टन यांचे निधन झाले. वर सांगितलेल्या झाकणाचीच सूज त्यांना झाली असावी, असे आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या दिवशी हा उपाय करून ते वाचलेच असते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु तिघांपैकी धाकट्याने विचार वाटेचा केला आणि बाकीच्यांनी तापाचा, हे मात्र खरे.

पुढच्या दीडशे वर्षांत चित्र पालटले. १९०९ साली शव्हालिये जॅक्सन यांनी श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेची सुरक्षित पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने मांडली. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला. स्वतंत्र भारतात, आपल्याच महाराष्ट्रात, पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि हे औषध आपल्या देशात तयार होऊ लागले. थोडक्यात, जंतूवरचे औषध आपल्याजवळ आहे आणि शस्त्रक्रियाही आहे. आता अडसर उरला आहे तो उशिराचा.

उशीर कोठे होतो?

आपले विसरवाडी महामार्गावर वसलेले आहे. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्याकडे जाता येते, पश्चिमेला नवापूरमार्गे सुरतेकडे, आणि उत्तरेला नंदुरबारकडे. नकाशात पाहणाऱ्याला वाटेल, की येथून कोठेही जाणे सोपे आहे. परंतु आपल्याकडे येणारा रुग्ण महामार्गावर राहत नाही. तो आतल्या पाड्यावर राहतो. वर्षातील काही महिने तो उसाच्या तोडीसाठी कुटुंबासह गुजरातेत असतो. दाढ दुखली तर मजुरी बुडवून दंतवैद्याकडे जाणे त्याला परवडत नाही. तो दाढेत लवंग धरतो, तंबाखूची चिमूट दाबतो, गालाला शेक देतो. हे सारे मी दोष देण्यासाठी सांगत नाही. ज्याच्या दारापर्यंत दवाखाना पोहोचला नाही, त्याने आणखी काय करावे?

या कहाणीत दुसरे एक पात्र नेहमी लपलेले असते. ते म्हणजे मधुमेह. अंगात साखर वाढली आहे हे ठाऊकच नसते, आणि मानेच्या सुजेने रुग्णालयात आल्यावर ते प्रथम कळते. साखर वाढलेली असली, की जंतूंचे फावते.

अशाच एका भगिनीची हकिकत सांगतो. ओळख पटेल असे काही मी सांगणार नाही. तोडीहून परतल्यावर आठ दिवस दाढ दुखत होती. सूज मानेपर्यंत आली, तेव्हा तिचा भाऊ तिला मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन आला. तिचे बसणे पाहताच आमच्या परिचारिकेने तिला आडवे होऊ दिले नाही. खाट उभी केली, प्राणवायूचा मुखवटा तोंडाजवळ धरला आणि मला हाक मारली. त्या परिचारिकेने काही यंत्र पाहिले नव्हते, तिने माणूस पाहिला होता. सलाईनमधून प्रतिजैविके व सूज उतरविणारी औषधे सुरू झाली. साखर तपासली, ती फारच वाढलेली निघाली. तोंड उघडत नव्हते. मानेतून वाट करणे हाच सुरक्षित मार्ग होता.

मी भावाला बाहेर नेऊन सारे समजावून सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, गळ्याला भोक पाडल्यावर ती पुन्हा बोलेल का? तिची लेकरे लहान आहेत. ती मुकी झाली तर?"

हा प्रश्न प्रत्येक नातेवाईक विचारतो. म्हणून त्याचे उत्तर आज सर्वांसमक्ष देतो. अशा आजारात केलेली ही वाट बहुधा तात्पुरती असते. नळी आहे तोवर हवा आवाजाच्या पडद्यांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून बोलता येत नाही. सूज उतरली, की नळी काढतात. भोक सहसा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप भरून येते आणि आवाज परत येतो. मानेवर एक व्रण राहतो. या शस्त्रक्रियेत रक्तस्राव, नळी अडणे, जंतुसंसर्ग असे धोके आहेत, ते मी लपविणार नाही. परंतु वाट बंद होण्याच्या धोक्यापुढे ते लहान आहेत.

भावाने अंगठा दिला. त्या भगिनीला आम्ही बसत्या स्थितीत, पूर्ण जागी ठेवून, फक्त मानेवर जागेपुरती भूल देऊन ही शस्त्रक्रिया केली. परिचारिकेने तिचा हात अखेरपर्यंत सोडला नाही. नळीतून पहिला श्वास मोकळा झाला, तेव्हा तिचे डोळे मिटले. आम्ही क्षणभर घाबरलो. पण ती झोपली होती. दोन रात्री ती बसूनच होती. त्यानंतर पू काढला, दुखरी दाढ काढली, साखर आटोक्यात आणली. काही दिवसांनी नळी निघाली. तिच्या तोंडून पहिला शब्द आला तो तिच्या मावची बोलीत, आणि तो भावासाठी होता. तो काय होता ते त्याने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

आपण काय ओळखावे, काय करावे

येथे बसलेल्या प्रत्येकाने पुढील लक्षणे लक्षात ठेवावीत आणि घरी जाऊन सांगावीत. घसा किंवा दाढ दुखत असताना स्वतःची लाळ गिळवेनाशी झाली; तोंड दोन बोटांइतकेही उघडेना; आवाज घोगरा न होता दबलेला, कोंडलेला झाला; हनुवटीखाली किंवा मानेत टणक सूज आली; श्वास आत घेताना शिट्टीसारखा किंवा घरघरीचा आवाज येऊ लागला; रुग्णाला आडवे होववेना आणि तो पुढे वाकून बसू लागला. यांपैकी एकही गोष्ट दिसली, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये. मधुमेह असेल तर अधिकच घाई करावी.

अशा रुग्णाला बळेच झोपवू नये. ज्या स्थितीत त्याला बरे वाटते, त्या स्थितीत बसू द्यावे आणि तसेच बसवून आणावे. काढा, दूध, पाणी बळेच पाजू नये. घशात बोट किंवा चमचा घालून पाहू नये, पडजीभ दाबू नये, गळू घरी फोडू नये. झोप लागावी म्हणून कोणतीही गोळी देऊ नये, कारण जागेपणीची ताकद हाच त्याचा आधार असतो. २०१४ पासून आपल्या राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, तिला बोलवावे. आणि 'घसा सुजला आहे, श्वासाला त्रास होतो आहे' हे शब्द स्पष्टपणे सांगावेत. आपल्या गावातील भगतांनाही माझी हात जोडून विनंती आहे. लोक आपल्याकडे विश्वासाने येतात. अशी लक्षणे दिसताच, 'आधी दवाखान्यात जा, मग मी येतो' एवढे आपण म्हणालात, तर एक जीव वाचविल्याचे पुण्य आपलेच.

आमच्याकडूनही आपण काही अपेक्षा ठेवल्या पाहिजेत. असा रुग्ण आला, की आम्ही आधी श्वासाचा विचार करू आणि तपासण्या नंतर. छायाचित्रासाठी त्याला झोपविण्याची घाई करणार नाही. भूल देण्यापूर्वी पहिला मार्ग फसला तर दुसरा कोणता आणि दुसरा फसला तर तिसरा कोणता, हे सर्वांसमोर मोठ्याने बोलून ठरवू. मानेतून वाट करणारा हात आणि त्याचे साहित्य खाटेजवळ तयार असेल. आणि आमच्या आवाक्याबाहेरचा रुग्ण नंदुरबारच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा धुळ्याला पाठवायचा झाला, तर श्वासाची वाट सुरक्षित केल्यावाचून, सोबत जाणता माणूस दिल्यावाचून, त्याला घाटाच्या रस्त्याला लावणार नाही.

देणगीदारांस विनंती

कोविडच्या साथीत, २०२०-२१ मध्ये, तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांच्या पुढाकाराने आपल्या नंदुरबार जिल्ह्यात प्राणवायूचे प्रकल्प वेळेत उभे राहिले आणि त्याची दखल देशाने घेतली. प्राणवायूचे मोल तेव्हा आपल्या सर्वांना कळले. मी आज त्याच्या पुढची एक पायरी मागतो आहे. प्राणवायू कितीही असला, तरी तो आत जायला वाट लागते. ती वाट राखण्याचे साहित्य फार मोठे नसते. पडद्यावर घसा दाखविणारा लॅरिंगोस्कोप, नाकातून अलगद आत जाणारी लवचीक दुर्बीण, मानेतून तातडीने वाट करण्याचा संच. हा संच कुलपात न ठेवता भिंतीवर, सर्वांना दिसेल असा टांगलेला असावा. माझ्या उमेदवारीतील त्या रात्रीनंतर मी जेथे जेथे काम केले, तेथे ही एक गोष्ट हट्टाने मागितली आहे.

त्याहून महत्त्वाची मागणी माणसांची आहे. वर्षातून किमान दोनदा सर्व परिचारिका व डॉक्टरांनी पुतळ्यावर या प्रसंगाचा सराव करावा. असा प्रसंग वर्षात क्वचितच येतो, म्हणूनच हात विसरतात. आणि सर्वांत महत्त्वाची मागणी दंतवैद्याच्या खुर्चीची. आठवड्यातून एक दिवस जरी पाड्यापाड्यांवर दात तपासले गेले, किडलेली दाढ वेळेत भरली किंवा काढली गेली, त्याच वेळी बोटाच्या थेंबातून साखर पाहिली गेली, तर ज्या रुग्णांसाठी मी रात्री जागतो, त्यांतील कित्येक माझ्यापर्यंत येणारच नाहीत. दंतवैद्याच्या खुर्चीवर नाव कोरण्यात कोणाला फारसा गौरव वाटत नसेल. परंतु तिच्यामुळे जी घरे वाचतील, त्यांना आपण का वाचलो हे कधी कळणारही नाही. असे दान मला फार मोठे वाटते.

समारोप करताना मला पुन्हा ते गृहस्थ आठवतात, ज्यांनी हाताने 'नको' असे खुणावले होते. त्यांची ती खूण मी विसरलेलो नाही. आमच्या शस्त्रक्रियागृहात नवा डॉक्टर किंवा नवी परिचारिका रुजू झाली, की पहिल्याच दिवशी मी त्यांना एवढेच सांगतो, की घसा सुजलेला माणूस जसा बसला असेल तसा त्याला बसू द्या, आणि तो काय सांगतो ते आधी ऐका. आज तेच मी आपणा सर्वांना सांगितले आहे. येथून घरी गेल्यावर आपण ते आणखी चार घरी सांगावे, एवढी विनंती करतो.